मे महिना, अकोला, गच्ची आणि पहिला वाढदिवस: घरचा केक टिकेल का?

वऱ्हाडी_सून

नमस्कार मंडळी. २४ मेला आमच्या चिरंजीवांचा पहिला वाढदिवस आहे. स्थळ अकोला, म्हणजे ऊन किती असेल ते वेगळं सांगायला नको. कार्यक्रम संध्याकाळी गच्चीवर. नको नको म्हणता माणसं चाळीसवर गेली आहेत. केक घरीच करणार असं मी सगळ्यांसमोर जाहीर केलंय, त्यामुळे आता मागे फिरणं नाही.

माझ्याकडचं सामान: २८ लिटरचा ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन), ८ इंची चौकोनी टिन, हँड बीटर. टर्नटेबल (केक सजवायचा फिरता पाट), नोझल वगैरे काही नाही. फ्रिज एकच, आणि त्या दिवशी तो मठ्ठा आणि आमरसाने भरलेला असणार. एसी फक्त बेडरूमला आहे, हॉलमध्ये कूलर. अंडं चालणार नाही. एरवी घरात सगळे खातात, पण सासूबाई म्हणतात की औक्षणाच्या ताटाशेजारी ठेवायचा केक आहे, त्यात नको. मलाही त्यावरून वाद घालायचा नाही.

आता खरी गंमत. सासरे मूळचे मूर्तिजापूरचे. त्यांचं अर्धं बालपण शकुंतलेत गेलंय. (बाहेरच्यांसाठी: यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर अशी धावणारी आमची नॅरोगेज गाडी. आता बंद आहे.) नातवाला मांडीवर घेऊन ते रोज "झुकझुक" करतात आणि तोही गाडीचा आवाज आला की मान वळवतो. त्यामुळे त्यांची फर्माईश आहे की केक शकुंतलेचाच पाहिजे, आणि इंजिन वाफेचं पाहिजे, डिझेलचं चालायचं नाही!

तर प्रश्न असे. बटरक्रीम लावू की व्हिपिंग क्रीम? गाडीचा आकार माझ्यासारखीला जमेल का? आणि बाळाला त्यातला किती द्यायचा?

पुणेकर_बाबा

प्रामाणिक सल्ला देऊ का? ऑर्डर द्या आणि मोकळ्या व्हा. आमच्याकडे बायको आदल्या रात्री दोनपर्यंत गुलाबाची फुलं काढत बसली होती. दुसऱ्या दिवशी फोटोत मुलगी हसतेय आणि आई पेंगतेय. वर्षाच्या मुलाला केक घरचा आहे की दुकानचा, काय कळतंय?

ओव्हनवाली_मावशी

बाबा, मुलाला कळत नाही हे खरं, पण आजोबांना कळतं ना. पुढे चाळीस वर्षं तो किस्सा तेच सांगणार.

सूनबाई, मी अमरावतीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. मे महिन्यात क्रीमचा केक गच्चीवर जाणार असेल, तर गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, मी नाही म्हणते. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पातळ होतं. तुमच्या गच्चीवर संध्याकाळी सातलाही पारा चाळिशीच्या आगेमागे असणार, शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब खालून धग सोडतो ती वेगळीच. तिथे बटरक्रीमचं फूल फोटोपुरतंही उभं राहायचं नाही. व्हिपिंग क्रीम तर वितळायच्या आधी घसरतं, आणि एकदा घसरलं की सुरीने कितीही सावरलं तरी जागेवर येत नाही. तेव्हा दोन्ही रद्द.

तुझ्या सासऱ्यांनी मात्र नकळत तुझं काम सोपं केलंय. उन्हाळ्यात आगगाडीइतका सोयीचा केक नाही. गोल केक म्हटलं की त्याच्या कडा गुळगुळीत पाहिजेत, सपाट पाहिजेत, त्याला टर्नटेबल पाहिजे. गाडीचे डबे सुटे. एखादा तिरका झाला तरी लोकांना वाटतं गाडी वळणावर आहे. सुटे असल्यामुळे फ्रिजमध्ये मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी कुठेही खुपसता येतात. आणि मुख्य म्हणजे याला क्रीम लागतच नाही.

केक दही-सोड्याचा कर. तेलातला असल्याने तो फ्रिजमध्ये ठेवला तरी मऊ राहतो, लोण्यातला दगड होतो. एका ८ इंची चौकोनी टिनला दीड कप मैदा, एक कप ताजं दही, पाऊण ते एक कप साखर, अर्धा कप वास नसलेलं तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा व्हॅनिला. चमचा म्हणजे मापाचा लहान. दह्यात आधी साखर विरघळव, मग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेव. दही फसफसून वर आलं की तेल, व्हॅनिला, आणि शेवटी चाळलेला मैदा दोन-तीन भागांत. मैदा पडल्यावर फार घोटायचं नाही. १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं, पण पंचविसाव्या मिनिटापासून सुरी घालून बघत राहा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, वरून लाल होतं आणि मधे कच्चं राहतं. वरून लवकर रंगायला लागलं तर फॉइल टाक.

पूर्ण गार झाल्यावर वरचा फुगवटा कापून सपाट कर. मग चौकोनाचे उभे दोन भाग, आडवे चार. ४ इंच लांब आणि २ इंच रुंद असे आठ तुकडे मिळतात. सहा तुकडे म्हणजे सहा डबे. सातवा इंजिनचा खालचा भाग. आठवा मधोमध काप, एक अर्धा इंजिनच्या मागच्या टोकावर उभा केलास की ड्रायव्हरची केबिन झाली. उरलेला अर्धा तुझा, उभ्या उभ्या स्वयंपाकघरात खा.

आता रंगाचं. मिक्स्ड फ्रूट जॅम दोन चमचे पाणी घालून गरम कर, गाळून घे, आणि डब्यांना ब्रशने सगळ्या बाजूंनी लाव. मग तो डबा रंगीत खोबऱ्यात घोळव. बारीक डेसिकेटेड खोबरं घे, आपल्या किसणीवरचा जाड कीस नको. दोनशे ग्रॅम पुरतं. बिटाचा रस आटवून दोन-तीन चमचे खोबऱ्याला चोळलास की गुलाबी, चिमूटभर हळद कोमट पाण्यात कालवून चोळलीस की पिवळं. हळद जपून, वास मारते. हे ओलसर खोबरं ताटात पसरून, वर मलमलचं फडकं टाकून गच्चीत ठेव. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग. बघता बघता खडखडीत वाळतं. असा डबा ४४ अंशांत ठेवलास तरी त्यात वितळण्यासारखं काही नाही.

इंजिनलाही जॅमच, पण घोळवायचं काळ्या चॉकलेट बिस्किटांच्या चुऱ्यात. बिस्किटांमधलं क्रीम आधी खरवडून काढ, नाहीतर चुरा चिकट होतो. चिमणीला वेफर रोलचा तुकडा. धुराला ज्वारीच्या लाह्या, पिठीसाखर दोन-चार थेंब पाण्यात घट्ट कालवून त्या पेस्टने एकमेकींना चिकटवून. चॉकलेट नको, गच्चीवर तेही बटरसारखंच पातळ होतं. वाफेचं इंजिन पाहिजे म्हणाले ना, धूर बघून खूश होतील. चाकांना बेकरीतली छोटी गोल बिस्किटं, तीही त्या साखरेच्या पेस्टनेच चिकटव. नानकटाई नको, दाबली की फुटते. टूथपिक कुठेच खुपसू नकोस, पोरं तशीच तोंडात घालतात.

"शकुंतला" अशी पाटी करायची असेल तर फाँडंटची (कणकेसारखा मळून लाटायचा साखरेचा गोळा) कर. आपल्याकडच्या मेच्या कोरड्या हवेत ते झकास वाळतं. मुंबईच्या दमट हवेत घामेजतं, ती अडचण आपल्याला नाही. मात्र ती पाटी कूलरच्या खोलीत वाळत ठेवू नकोस. कूलर पाणी फेकतो, सकाळी पाटी लिबलिबीत. बेडरूममध्ये कपाटावर ठेव. मळतानाही उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेव, नाहीतर दोन मिनिटांत भेगा पडतात.

चाळीस माणसांना ही गाडी पुरणार नाही, आणि पुरवायचा प्रयत्नही करू नकोस. तोच केक आणखी एक टिन भरून कर, काही सजावट न करता. त्याचे वीस तुकडे आत कापून तयार ठेव. बाहेर गाडी कापायला घेतली की आतून ताटल्या निघाल्या पाहिजेत. एका डब्याचे तीन तुकडे पडतात, म्हणजे दोन्ही मिळून होतं. शिवाय रस असताना केकवर कोण तुटून पडणार आहे.

वऱ्हाडी_सून

मावशी, तुम्हाला साष्टांग! मी दोन दिवस यूट्यूबवर क्रीमचे गुलाब बघत होते आणि मला रडू येत होतं. खोबरं घरातच आहे.

बाळाला यातला एक डबा दिला तर चालेल का? साखर कमी करून मध घालावा असं मनात होतं.

दोन_पिल्लांची_आई

डबा देऊ नका, दाखवा फक्त. जॅम, साखर, सुकं खोबरं, लाह्या हे सगळं मोठ्यांसाठी. लाह्या आणि अख्खे दाणे, काजू-बदाम वर्षाच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. चांदीच्या गोळ्या मिळतात ना सजावटीच्या, त्याही त्याच्या हाताला लागू देऊ नका. साखरेबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना जास्त साखरेचे, जास्त मिठाचे पदार्थ देऊ नयेत असं स्पष्ट आहे. एका दिवसाने काही बिघडत नाही हे मलाही मान्य आहे, पण सगळ्या मावश्या-आत्या एकेक घास भरवतात, तिथे खरा घोळ होतो.

मधाचं मात्र नीट ऐका. वर्ष पूर्ण व्हायच्या आधी मध नाहीच द्यायचा. त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि केकमध्ये भाजला तरी ते मरत नाहीत. तुमचं वर्ष २४ तारखेला पूर्ण होतंय, म्हणजे आधी करून बघाल त्या केकमध्ये तर मुळीच नको. आणि वाढदिवसाच्या केकलाही त्याची काही गरज नाही. पिकलेलं केळं पुरेसं गोड असतं.

त्याच्यासाठी वेगळा छोटा डबा करा. एक पिकलेलं केळं, चार-पाच मऊ खजूर कोमट पाण्यात भिजवून बिया काढून वाटलेले, अर्धी वाटी कणीक, पाव वाटी दही, दोन चमचे पातळ तूप, पाव चमचा बेकिंग पावडर. वाटीला तूप लावून इडलीपात्रात वीस मिनिटं वाफवलं तरी होतो, ओटीजी पेटवायलाच नको. चमच्याने दाबला की चुरला पाहिजे, असा मऊ.

वरून चक्का. श्रीखंडाला बांधतो तोच, साखर न घालता. दही बांधायचं ते फ्रिजमध्येच, तुमच्याकडे बाहेर बांधलंत तर सकाळपर्यंत आंबट ढाण होईल. थोड्या चक्क्यात बिटाचा रस घालून गुलाबी करा आणि लावून टाका. त्याने तोंडभर माखून घेतला तरी काळजी नाही. माझ्या धाकट्याने चक्का थेट कानात घातला होता.

हे सगळं त्याने आधी खाल्लेलं असू दे. दही, गहू, केळं चालतं ना त्याला? नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका. काही उठलं अंगावर तर पाहुण्यांत तुम्हाला कळायचं नाही नेमकं कशाने.

सातारची_आजी

वाचतेय मघापासून. छान चाललंय. आमच्या वेळी ओव्हन कुठला? कुकरची शिट्टी आणि रबर काढायचं, तळाला मीठ पसरायचं, वर ताटली आणि त्यावर डबा. रव्याचा केक करायचे मी, मुलं भांडायची खरपूस कडेसाठी. लाइट गेली तर हे लक्षात ठेव बाळ, ओटीजी काही इन्व्हर्टरवर चालत नाही. शक्यतो पहाटे भाज, ऊन चढायच्या आत. भट्टीशेजारी उभी राहिलीस तर तुलाच लागेल ऊन.

दुसरं म्हणजे औक्षण आधी, केक नंतर. सुपारी, अंगठी, अक्षता, निरांजन, सगळं एका ताटात आधी लावून ठेव. पोरगं ताजंतवानं असताना पाट मांडायचा, आई-आजी-आत्या अशा पाच जणींनी ओवाळायचं आणि मग काय ती मेणबत्ती. आमच्याकडे मेणबत्ती फुंकायची नाही, दिवा विझवायचा नाही म्हणून मी नातवाच्या वेळी ती लावलीच नाही. सुनेने केकवर १ आकडा ठेवला होता, तेवढ्यावर भागलं. कुणी रुसलं नाही.

आणि गाण्याला जरा बेतानं घ्या. चाळीस माणसं एकदम टाळ्या वाजवत ओरडली की वर्षाचं लेकरू दचकतं. आमचा असा काही रडला की सगळे फोटो उघड्या तोंडाचे.

पुणेकर_बाबा

ठीक आहे, मी हरलो. निदान उपयोगाचं एक सांगतो. सात तुकडे ४ इंचांचे म्हणजे गाडी २८ इंच, मधे फटी धरून ३२. असा केकबोर्ड बाजारात सहजी मिळत नाही आणि पुठ्ठा उचलताना मधे वाकतो. सुताराकडून प्लायची ३६ इंची पट्टी कापून आणा, त्यावर फॉइल, फॉइलवर बटर पेपर. रूळ म्हणून लांब वेफर बिस्किटं आडवी टाका. आणि पट्टी आधी गच्चीवर न्या, डबे मागाहून ट्रेमध्ये. जिन्यावरून सजवलेली गाडी नेण्याचं धाडस करू नका, वळणावर दोन माणसांचं एकमत होत नाही.

फुगेही संध्याकाळीच फुगवा. उन्हात दुपारी बांधले की एकामागून एक फटाके.

ओव्हनवाली_मावशी

बाबा कामाला आले की! पट्टीचं अगदी बरोबर.

आजींच्या पहाटेला माझा पूर्ण पाठिंबा, पण २४ च्या नको, २३ च्या. त्या दिवशी पहाटे दोन्ही टिन भाज. गार झाले की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. भाजी एक दिवस बाहेर राहील, काही होत नाही. गार केक कापायलाही सोपा, चुरा पडत नाही. २४ ला दुपारी जेवणं झाली की एसीच्या खोलीत बसून जॅम आणि खोबरं. बाळाचा डबा मात्र त्याच दिवशी सकाळी वाफव, आणि चक्का अगदी कापायच्या आधी लाव. चक्का पाणी सोडतो.

वऱ्हाडी_सून

सगळं वहीत उतरवलं. सासऱ्यांना "लाह्यांचा धूर" सांगितला तर ते आत्ताच दुकानात निघाले होते! त्यांनी एक नवीन माहिती पुरवली: १९९४ पर्यंत खरंच वाफेचं इंजिन होतं, तेव्हा ते मुद्दाम त्याच्या मागच्या डब्यात बसायचे आणि घरी जाईपर्यंत सदरा काळा. त्यामुळे पहिल्या डब्याच्या खोबऱ्यावर थोडा बिस्किटांचा चुरा भुरभुरायचा असं ठरलंय.

आजी, मेणबत्ती नाहीच. इंजिनाच्या तोंडावर फाँडंटचा १ लावते.

शेवटची शंका. डब्यांच्या खिडक्यांना जेम्सच्या गोळ्या लावायच्या आहेत. जॅमवर त्यांचा रंग उतरतो का?

ओव्हनवाली_मावशी

उतरतो. ओलं लागलं की अर्ध्या तासात खिडकीखाली ओघळ दिसायला लागतात. म्हणून जॅमवर नको, वाळलेल्या खोबऱ्यावर त्याच घट्ट साखरेच्या पेस्टचा ठिपका देऊन लाव, आणि तेही वर गच्चीवर गेल्यावर, औक्षण चालू असताना. हे काम भाच्यांवर सोपव, गप्प बसतात. पुडा मात्र मोठा आण, अर्धा लावण्याआधीच संपतो. आणि बाळाच्या हाताला त्या गोळ्या लागणार नाहीत एवढं आत्याला बजावून ठेव.